आठ दिवसांचा डोंगर : लांब पल्ल्याच्या एमटीबी शर्यतीसाठी शरीराची आणि सायकलची तयारी

आज रविवार असूनही सकाळची राइड सोडून एवढे सायकलवाले इथं येऊन बसलेत, म्हणजे विषयाची निकड आहे असं समजतो. (हशा)

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे सायकलिंग खूप वाढलं. पुण्यात, नाशकात, नागपुरात दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे करणारी माणसं आता गल्लीगल्लीत भेटतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. ते बघून बऱ्याच जणांना वाटलं, आपणही काहीतरी मोठं करावं. पण ते सगळं डांबरी रस्त्यावरचं. आता त्यातलेच पुष्कळ जण डोंगरातल्या, कच्च्या वाटेवरच्या शर्यतींकडे वळताहेत. तिथं मात्र चित्र बदलतं. रस्त्यावर सहाशे किलोमीटर सहज करणारा माणूस डोंगरात दुसऱ्या दिवशी दुपारी दगडावर बसलेला दिसतो. पाय थकलेले नसतात. हात बधिर झालेले असतात, पोट बिघडलेलं असतं, नाहीतर सायकलचा मागचा गिअर तुटून चाकात गेलेला असतो.

म्हणून आज आपण एकच उदाहरण धरून चालू. हिमाचलमध्ये २००५ साली ‘एमटीबी हिमालया’ नावाची शर्यत सुरू झाली. ही टप्प्यांची शर्यत. म्हणजे आठवडाभर रोज सकाळी निघायचं, दिवसभर चढ-उतार करायचे, संध्याकाळी तंबूत पोचायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दक्षिण आफ्रिकेतली ‘केप एपिक’ही आठ दिवसांची, पण ती जोडीनं करायची असते आणि दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नसतं. अमेरिकेतली ‘लेडव्हिल’ एका दिवसाची, सुमारे शंभर मैलांची, बारा तासांच्या आत संपवायची. रूप वेगळं असलं तरी तयारीचं गणित तिन्हीकडे बरंचसं सारखं आहे. आपण हिमाचल डोळ्यांपुढे ठेवू, कारण आपल्यातले बहुतेक जण तिकडेच जाणार.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करू. एवढ्या लांब शर्यतीत बिघाड होणारच. सायकलचा होईल, शरीराचा होईल, झोपेचा होईल. तयारी करायची ती बिघाड लहान राहावा आणि आपल्या हातानं दुरुस्त व्हावा यासाठी.

गिअरचं गणित

सायकलवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती किलोची सायकल घेऊ? मी म्हणतो, वजनाचं नंतर बघू, आधी सगळ्यात हलका गिअर कोणता आहे ते सांगा.

समजा तुमचं वजन ७० किलो, सायकल १३ किलो, पाणी-सामान २ किलो. एकूण ८५ किलो. समोर दहा टक्क्यांचा कच्चा चढ आहे, म्हणजे शंभर मीटर पुढं गेलात की दहा मीटर वर. तुमच्या सायकलला पुढं ३२ दात्यांची चकती आहे आणि मागं सगळ्यात मोठी ३६ दात्यांची. २९ इंची चाकाचा घेर साधारण २.३ मीटर. पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल जवळजवळ दोन मीटर पुढं जाते. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर वेग होतो तासाला सव्वासात किलोमीटरच्या वर. एवढ्या वेगानं तो चढ चढायला साधारण २०० वॉट ताकद लागते.

आता मागं ५१ दात्यांची चकती लावा. त्याच ६० फेऱ्यांना वेग उतरतो पाच किलोमीटरवर, आणि ताकद लागते १४५ वॉटच्या आसपास.

हा फरक कागदावर लहान वाटतो. पण तुमच्या-माझ्यासारखा हौशी, बऱ्यापैकी तयारीचा माणूस दिवसभर देऊ शकतो ती ताकद १२० ते १५० वॉटच्या घरातली असते. २०० वॉट आपण तासभर देऊ, फार तर दीड तास. म्हणजे पहिल्या सायकलवर तुम्ही प्रत्येक चढाला उधारी करताय, आणि ती उधारी तिसऱ्या दिवशी वसूल होते. दुसऱ्या सायकलवर तुम्ही कमाईत खर्च भागवताय.

आता वजनाकडे येऊ. सायकल एक किलोनं हलकी केली, तर ८५ किलोत एक किलो, म्हणजे सव्वा टक्का. तासाभराच्या चढाला पाऊण मिनिट वाचेल. त्या एका किलोसाठी माणसं पन्नास हजार मोजतात. मोठ्या चकतीची कॅसेट आणि तिला जुळणारा मागचा डेरेलर त्याहून कितीतरी स्वस्तात येतो. आणि पुढची चकती ३२ ऐवजी ३० किंवा २८ ची लावणं तर सगळ्यात स्वस्त. फक्त ती तुमच्या क्रँकला आणि फ्रेमला बसते का, हे आधी मेकॅनिककडून बघून घ्या.

टायर, ब्रेक आणि एक छोटासा तुकडा

टायरबद्दल आपल्याकडे जुनी सवय आहे, दगडासारखी हवा भरायची. डांबरावर ते चालून जातं. कच्च्या वाटेवर कडक टायर प्रत्येक दगडावरून उडतो, पकड सुटते आणि सगळे दणके तुमच्या मनगटात जातात. सत्तर किलोच्या माणसाला, सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरला, वीस ते चोवीस पीएसआय पुष्कळ झाली. मागं एक-दोन पीएसआय जास्त. ट्यूब असेल तर मात्र एवढं खाली जाता येत नाही, कारण दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. म्हणून ट्यूबवाल्यांनी अठ्ठावीस-तीसच्या आसपास राहावं. शक्य असेल तर ट्यूबलेस करून घ्यावं.

ट्यूबलेस केलं म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. आतलं सीलंट वाळतं. आपल्या उन्हाळ्यात तर दोन-तीन महिन्यांतच त्याचा रबराचा गोळा होतो. शर्यतीच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्ह काढून बघा, टायर हलवून आत द्रव खळखळतोय का ऐका. नसेल तर नवीन घाला.

अजून एक गंमत. पुण्यात २२ पीएसआय भरून गेलात आणि तीन हजार मीटरवर गेज लावला, तर तो साधारण तीन पीएसआय जास्त दाखवेल, कारण बाहेरची हवा विरळ झालेली असते. पण तिकडच्या थंडीनं टायरमधली हवा आकसते, त्यातलं बरंचसं परत जातं. तात्पर्य काय, तर घरून भरलेल्या हवेवर विश्वास नको. रोज सकाळी निघायच्या आधी गेज लावायचा. बोटानं दाबून कळतं म्हणणाऱ्यांनी एकदा गेज लावून स्वतःची परीक्षा घ्यावी.

आता ब्रेक. हिमाचलात चढ दोन-दोन तासांचे असतात, तसेच उतारही तासाभराचे असतात. त्यात पाऊस-चिखल आला तर मऊ, ऑरगॅनिक ब्रेक पॅड एका दिवसात संपू शकतात. म्हणून लांब उताराला धातुमिश्रित, सिंटर्ड पॅड बरे. आवाज करतात, पण टिकतात. तुमच्या डिस्कवर ते चालतात का, ते डिस्कवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. पॅडचे दोन जादा जोड सोबत ठेवा. आणि नवीन पॅड लावले की तसेच शर्यतीला जाऊ नका. रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन पंधरा-वीस वेळा जोरात, पण चाक लॉक न करता, वेग कमी करा. त्याशिवाय पॅड डिस्कवर बसत नाहीत आणि पहिल्याच उताराला ब्रेक लागत नाही. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये काहींना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट फ्लुइड. दोन्हींची अदलाबदल केली तर आतले रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतो. गावातल्या दुकानात तेल बदलून घेताना समोर उभं राहून बाटली बघा.

चेन. चेन ताणली गेली की कॅसेटचे दाते खाते. मोजायची पट्टी अडीच-तीनशे रुपयांत मिळते. बारा गिअरच्या चेनला अर्धा टक्का ताण दिसला की बदलायची. पण आदल्या रात्री नाही. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी बदला, शे-दीडशे किलोमीटर चालवा, म्हणजे जुन्या कॅसेटवर नवी चेन घसरते का ते घरीच कळेल.

आणि आता तो छोटा तुकडा. मागचा डेरेलर फ्रेमला ज्या तुकड्यानं जोडलेला असतो त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा केलेला असतो. सायकल उजव्या बाजूला पडली किंवा दगड लागला, तर तो वाकावा किंवा तुटावा आणि महागडी फ्रेम वाचावी, अशी त्यामागची कल्पना. काम चोख करतो बिचारा. अडचण एवढीच, की बहुतेक फ्रेमचा हँगर वेगळा असतो. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. डोंगरात तो तुटला आणि तुमच्याकडे दुसरा नसेल, तर लाखभराची सायकल तिथंच थांबते. काहीशे रुपयांचा तुकडा आहे, पण मागवायला कधी कधी महिना लागतो. शर्यतीची फी भरली त्याच दिवशी हँगर मागवा, आणि आल्यावर घरी एकदा स्वतः लावून बघा.

सोबत काय न्यायचं? एक ट्यूब (ट्यूबलेसवाल्यांनीसुद्धा), पंप, ट्यूबलेसच्या प्लग पट्ट्या, मल्टीटूल, चेन तोडायचं हत्यार, चेनच्या दोन जोडकड्या, हँगर, ब्रेक पॅड, चार झिप टाय, थोडी चिकटपट्टी. टायर बाजूनं चिरला तर आतून लावायला टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापलेला तुकडा. तोही नसेल तर दहा रुपयांची नोट घडी करून लावा, मुक्कामापर्यंत पोचवते.

आणि हो, रोज संध्याकाळी सायकल धुताना प्रेशरचं पाणी चाकाच्या आसावर, क्रँकवर, हँडलच्या बेअरिंगवर मारू नका. ग्रीस निघून जातं आणि आत पाणी बसतं. बादली आणि ब्रश पुरे.

सायकल आणि शरीर यांची गाठ

सायकल तुम्हाला तीन ठिकाणी भेटते : हात, बूड आणि पाय. आठ दिवसांच्या शर्यतीत माणसं सोडून देतात ती बहुधा यातल्याच एखाद्या जागेमुळे.

सीटची उंची बघायची सोपी रीत : सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली न्या. पाय जेमतेम सरळ व्हावा, कंबर हलू नये. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढं दुखतं, फार वर असेल तर गुडघ्याच्या मागं आणि कमरेत.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या कडेनं जाणारी नस दाबली जातेय. जाड हातमोजे घेऊन ते जात नाही. आधी बघा, शरीराचा भार हातांवर का येतोय. बहुतेकदा पोट-कंबर कमकुवत असते, किंवा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं.

बुडाबद्दल लोक लाजतात, म्हणून मीच बोलतो. पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नाही. रोज धुतलेली चड्डी. घासणाऱ्या जागी क्रीम किंवा साधं पेट्रोलियम जेली. मुक्कामाला पोचलात की गप्पा मारत त्याच ओल्या चड्डीत बसायचं नाही, आधी धुऊन कोरडं व्हायचं. एका पुळीनं शर्यत सोडावी लागलेली माणसं आहेत, आणि ती पुळी तिसऱ्या दिवसाच्या चहाच्या वेळी तयार झालेली असते.

वीस आठवडे

नोकरी-धंदा सांभाळून आठवड्याला आठ तास निघतील असं धरू, आणि वीस आठवडे हातात आहेत.

पहिले आठ आठवडे पाया. यातला बहुतेक वेळ इतका सावकाश, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. लोकांना हे पटत नाही. घाम निघाला नाही म्हणजे व्यायाम झाला नाही असं वाटतं. पण स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढणं, चरबी जाळायची क्षमता वाढणं, हे काम सावकाश, लांब चालवण्यानंच होतं. एकूण वेळेचा साधारण ऐंशी टक्के भाग असा ठेवा. आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास पोट, कंबर, खांदे आणि मांड्यांचा व्यायाम. उठाबशा, प्लँक, जोर. जिम नसली तरी चालतं.

पुढचे आठ आठवडे डोंगर. पुण्याच्या लोकांना सिंहगड आहे. डोणजे बाजूनं सुमारे नऊ किलोमीटरचा चढ, सहाशे मीटरच्या आसपास उंची. एका सकाळी तीनदा चढलात की अठराशे मीटर झाले, म्हणजे डोंगरी शर्यतीतल्या एका चांगल्या दिवसाची चढाई. पण डांबरावर चढून भागणार नाही. आठवड्यातून एकदा तरी कच्ची वाट, दगड, चिखल. या टप्प्यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शनिवार-रविवार लागोपाठ. शनिवारी चार तास आणि रविवारी, पाय दुखत असताना, तीन तास. आठ दिवसांच्या शर्यतीचा सराव एका दिवसाच्या सात तासांनी होत नाही. थकलेल्या शरीरानं पुन्हा सीटवर बसणं, ही वेगळी सवय आहे.

तीन आठवडे वाढवत नेलं की चौथा आठवडा हलका. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त येत असतील, झोप नीट लागत नसेल, घरच्यांवर विनाकारण ओरडायला होत असेल, तर शरीर सुट्टी मागतंय. घरच्यांना विचारलंत तरी ते बरोबर सांगतील. (हशा)

सतराव्या-अठराव्या आठवड्यात रंगीत तालीम. तीन दिवसांची सुट्टी काढा, तीन दिवस लागोपाठ चालवा, शर्यतीतलंच सामान, शर्यतीतलंच खाणं, तेच बूट, तीच चड्डी. जे दुखायचं ते इथं दुखू दे. शेवटचे दोन आठवडे वेळ निम्म्यावर आणा, पण थोडे जोरदार चढ चालू ठेवा. या पंधरा दिवसांत क्षमता वाढत नाही, फक्त थकवा उतरतो. तो उतरू द्या.

उतरण्याचाही सराव लागतो. मोठे अपघात चढावर होत नाहीत. पायडल आडवे, गुडघे-कोपरं सैल, ढुंगण सीटवरून उचलून थोडं मागं, एकेक बोट ब्रेकवर, नजर पुढच्या चाकावर नाही तर दहा-पंधरा मीटर पुढं. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात सोडायचा. सायकल आपण बघतो तिकडं जाते. खड्ड्याकडं बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल.

खाणं आणि पाणी

मघाचे १४५ वॉट आठवा. तेवढं काम करताना शरीर तासाला साधारण साडेपाचशे किलोकॅलरी जाळतं. सहा तासांचा दिवस धरला तर तेहतीसशे. आता तुमच्या स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. दोन हजार किलोकॅलरीच्या आत-बाहेर. उरलेलं काही चरबीतून येतं, पण चरबी हळू जळते. म्हणून चालवताना खाणं भाग आहे. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य ठेवा. पोटाला सवय असेल तर ९० पर्यंत जाता येतं, पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही लागतात, कारण आतड्यात त्यांची दारं वेगळी आहेत. आपल्या घरातली साखर ही निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोजच असते. महागड्या जेलनं जे होतं त्यातलं पुष्कळसं साखर-लिंबू-मिठानं होतं.

पाऊण लिटरच्या बाटलीत चार मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ, अर्धं लिंबू. झाले ५० ग्रॅम. सोबत एक केळं, २५ ग्रॅम. किंवा मीठ लावलेला मध्यम उकडलेला बटाटा, ३० ग्रॅम. चिक्की, शेंगदाण्याचा लाडू चवीला छान, पण त्यात तेल जास्त, चढावर पोटात पडून राहतं. तो मुक्कामाला पोचल्यावर खा. काही जण ओआरएसवरच दिवस काढतात. ओआरएस हे जुलाबात पाणी भरून काढायला बनवलंय. लिटरला जेमतेम साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं त्यात. पाणी आणि क्षार मिळतील, ताकद मिळणार नाही.

पाण्याचं माप प्रत्येकाचं वेगळं, आणि ते घरी काढता येतं. राइडच्या आधी वजन करा, नंतर करा. समजा दोन तासांत ७० किलोचे ६९.२ झालात आणि दीड लिटर प्यायलात. म्हणजे घाम गेला २.३ लिटर, तासाला सव्वा लिटरच्या थोडा आत. सगळंच्या सगळं भरून काढायची गरज नाही, थोडी तूट चालते. उलट होता कामा नये. दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात आणि वजन वाढलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. लोक बघतात, त्यांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी पाजतात. म्हणून तहान लागेल तसं प्या, आणि मीठ विसरू नका.

उंची, आणि थांबायचं कधी

पुणे साधारण ५६० मीटरवर. शिमला २२०० मीटरच्या आसपास. जालोरी खिंड ३१०० मीटरच्या वर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के. तीन हजार मीटरवर तुमची जास्तीत जास्त क्षमता पंधरा-वीस टक्क्यांनी घटलेली असते. सह्याद्रीत सराव करून हे टळत नाही. चार-पाच दिवस आधी जाऊन राहता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर पहिले दोन दिवस मुद्दाम मागं राहा. पहिल्या दिवशी जे सुसाट पुढं जातात त्यातले कित्येक चौथ्या दिवशी तुम्हाला वाटेत भेटतील.

आता शेवटचा मुद्दा, आणि खरं सांगायचं तर याच्यासाठीच मी आज आलो. शर्यतीच्या तयारीत थांबण्याची तयारीही आली. भर उन्हात, दमलेल्या डोक्यानं तो निर्णय नीट होत नाही. म्हणून तो घरी बसून, कागदावर लिहून, घरच्यांना दाखवून ठेवा. माझी यादी अशी. डोक्यावर पडलात आणि त्यानंतर डोकं दुखतंय, उलटी होतेय, मघाचं आठवत नाही, तर तो दिवस आणि ती शर्यत संपली. हेल्मेटला चीर गेली असेल तर ते हेल्मेटही संपलं. उंचीवर डोकेदुखीसोबत तोल जातोय, बोलणं अडखळतंय, बसल्या जागी धाप लागतेय, तर खाली उतरणं हाच उपचार. लघवी गडद चहासारखी झाली तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार येतोय, त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखलं तर चर्चाच नाही.

आणि वेदनाशामक गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, या गोळ्या गुडघ्यासाठी सर्रास घेतल्या जातात. शरीरात पाणी कमी, उन्हात सहा तासांची मेहनत, आणि वर ही गोळी, हा मेळ मूत्रपिंडाला फार वाईट. गोळी खाऊन चालवायची वेळ आली असेल, तर गुडघा काय सांगतोय ते ऐकायची वेळ आली आहे.

डोंगर पुढच्या वर्षीही तिथंच असतो. आपणही असलो पाहिजे. एवढं बोलून थांबतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, माझी पस्तीस हजारांची सायकल आहे. तिच्यावर अशी शर्यत करता येईल का?

उत्तर : फ्रेम तुमच्या मापाची असेल, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील आणि गिअर हलका करता येत असेल, तर का नाही? खर्चाचा क्रम सांगतो : आधी टायर, मग गिअर, मग ब्रेक पॅड, मग सीट. पुढचा फोर्क साधा असला तर उतारावर वेग कमी ठेवा. मात्र दोन्ही चाकांच्या तारा एकदा चांगल्या मेकॅनिककडून ताणून घ्या. स्वस्त सायकलींत सैल तारा हा नेहमीचा आजार.

प्रश्न : मी त्रेपन्न वर्षांची आहे. चार वर्षं नियमित सायकल चालवते. उशीर झाला का?

उत्तर : नाही ताई, मुळीच नाही. लांब पल्ल्यात चिकाटी आणि वेगावरचा ताबा कामाला येतो, आणि तो वयानं वाढतोच. दोन गोष्टी करा. आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी, रक्तदाब, हिमोग्लोबिन. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा कमी असतं, आणि उंचीवर ते लगेच जाणवतं. कमी असेल तर सहा महिने आधी उपचार सुरू करा. दुसरं, तीन आठवड्यांनंतर हलका आठवडा असं मी म्हटलं, तुम्ही दोन आठवड्यांनंतर घ्या. व्यायाम तरुणांइतकाच करता येतो, सावरायला थोडा वेळ जास्त द्यावा लागतो.

प्रश्न : रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर आधी काय करायचं?

उत्तर : पोचल्यापासून अर्ध्या तासात खायचं. भूक नसली तरी. वरण-भात, दही, गूळ, काहीही. मग अंग धुऊन कोरडे कपडे. मग सायकल : धुणं, चेनला तेल, पॅड बघणं, टायरवरून हात फिरवून काटे काढणं, सगळे स्क्रू एकदा तपासणं. मग उद्याची पिशवी भरून ठेवायची. आणि मग झोप. उद्याची पिशवी आज भरली असेल तर झोप शांत लागते.